सौंसरची दुलई

चिपळूणला थंडी पडते, असं मी आजवर समजत होतो. पहाटे पंखा बंद केला की झाली आमची थंडी! डिसेंबरातल्या त्या सकाळी नागपूरच्या बसमधून मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या स्टँडवर पाय ठेवला आणि नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळ्यांपर्यंत सगळं एकदम जागं झालं. समोर संत्र्यांचे ढीग, त्यांच्याभोवती गोणपाट पांघरून बसलेली माणसं, चहावाल्याच्या पातेल्यातून उठणारी वाफ. दुकानांच्या पाट्या हिंदीत आणि पाटीखाली उभी असलेली माणसं मात्र मराठीत भांडत होती. मला इतका आनंद झाला की बॅग खाली ठेवायचंही मी विसरलो.

खरं म्हणजे मी फिरायला गेलोच नव्हतो. मुक्ता, माझी एकुलती एक लेक, लग्न होऊन सौंसरला गेली त्याला दोन वर्षं झाली. जावई प्रशांत तिथल्या शाळेत शिक्षक. मुक्ताला सातवा महिना संपत आला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे मी तिला न्यायला आलो होतो. मुक्ता शाळेत असतानाच तिची आई गेली. तेव्हापासून माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि घरातला स्वयंपाक मी दोन्ही सांभाळत आलोय. त्यामुळे बाळंतपणाचीही मी जय्यत तयारी केली होती. खोलीला रंग दिला, डॉक्टरीणबाईंना भेटून आलो, सगळ्या आळीला सांगून ठेवलं. चार दिवस राहायचं, पाहुणचार घ्यायचा आणि लेकीला घेऊन निघायचं, असा बेत होता.

दारातच विहीणबाई उभ्या होत्या. सुमनताई. उंच, खणखणीत आवाजाच्या, पदर खोचलेल्या.

"या इवाई, या! ठंड लागून राहिली असन ना? आंदी शेकोटीजवळ बसा, मंग पाय धुवा."

इवाई म्हणजे व्याही, हे मला मुक्तानं फोनवर शिकवून ठेवलं होतं. अंगणात शेकोटी पेटलेली होती. तिच्या कडेला माझे व्याही देवरावजी कानाला मफलर गुंडाळून बसले होते. त्यांनी सरकून मला जागा दिली, हातात एक सोललेलं संत्रं ठेवलं आणि पुन्हा आगीकडे बघत बसले. हे गृहस्थ बोलायला फार जड. पुढच्या दिवसांत मला कळलं, की त्यांना काही सांगायचं असलं की ते संत्रं सोलून देतात.

आणि मग आतून मुक्ता आली. पोट पुढे, गाल भरलेले, अंगावर सासूबाईंचा लोकरी ब्लाउज.

"बाबा, कधीची वाट पाहून राहिली मी तुमची!"

मी बघतच राहिलो. पाहून राहिली? माझी चिपळूणची मुलगी?

सौंसर

त्या दिवशी दुपारी जेवायला होती लांब पोळी. ही काय वस्तू आहे ते लिहूनच सांगावं लागेल, कारण आमच्याकडे कुणी पाहिलेली नाही. चुलीवर मडकं पालथं घालतात. गव्हाची कणीक सैल भिजवून, आपटून आपटून इतकी चिवट करतात की ती लोंबते पण तुटत नाही. सुमनताईंनी त्या कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झेलायला सुरुवात केली. प्रत्येक फेकीला तो रुंदावत गेला, मनगटावरून कोपरापर्यंत आला, पदरासारखा पातळ झाला आणि एका झटक्यात त्यांनी तो तापल्या मडक्यावर पसरला. मी टाळ्याच वाजवल्या. त्या लाजल्या आणि म्हणाल्या, "त्यात काय जी, पोळीच तं हाय."

सोबत ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी. या दाण्यांना इथं सोले म्हणतात. ती मुक्तानं केली होती. हिरवे दाणे भाजून, जाडसर वाटून, लसणाची पात घालून वर झणझणीत तर्री. माझ्या डोळ्यांना धार लागली तरी मी वाटी खाली ठेवली नाही. आमच्याकडे कुठल्याही आमटीत ओलं खोबरं पडलं नाही तर ती आमटी अनाथ वाटते. इथं नारळ फक्त देवापुढे फुटतो. पण त्या थंडीत, त्या तिखटानं कानशिलं तापल्यावर, मला प्रथमच खोबऱ्याची आठवण झाली नाही.

जेवणानंतर सुमनताईंनी अंगणात एक गाठोडं सोडलं. त्यात शेतातल्या कापसाची, सरकी काढलेली रुई होती.

"मुक्तासाठी दुलई शिवाची हाय. बाळ-बाळंतिणीसाठी. आमच्याकडं घरच्याच कापसाची करतात. तुमी तिले घेऊन जाण्याच्या आंदी झाली पाहिजे."

मी घाईघाईनं आत गेलो आणि बॅगेतून मुक्ताच्या आईची हिरवी सुती साडी काढून आणली. बाळाची दुपटी करायला म्हणून मी ती आणली होती. सुमनताईंनी ती हातात घेतली, कापड बोटांनी चाचपलं आणि मुक्ताकडे बघत म्हणाल्या, "ही वरून लावू. बाळाच्या आंगाले हीच लागली पाहिजे."

साडीची घडी मुक्तानं मांडीवर घेतली आणि तिच्या काठावरून बोट फिरवत बसली.

पांढुर्णा

रुई पिंजून आणायला दुसऱ्या दिवशी प्रशांत आणि मी पांढुर्ण्याला गेलो. सौंसरलाही पिंजारी आहेत, पण सुमनताईंचा विश्वास पांढुर्ण्याच्या करीमभाईंवर. सकाळी बाजारात उतरल्यावर आधी तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर चक्क हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात! आमच्याकडे कुणी असं केलं तर त्याला वेड्यात काढतील. मी दोन प्लेट खाल्ल्या.

करीमभाईंचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, मधोमध घरघरणारं यंत्र. एका बाजूनं आमची दबलेली, पिवळट रुई आत गेली आणि दुसऱ्या बाजूनं ढगच बाहेर यायला लागले. खोलीभर तंतू तरंगत होते. प्रशांतच्या भुवया पांढऱ्या झाल्या. मी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. इतकी ऊब! विस्तव नाही, काही नाही, नुसता कापूस, आणि हात गरम.

"कोणासाठी भरून राहिले?" करीमभाईंनी यंत्राच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

"माझ्या मुलीसाठी," मी ओरडलो. "चिपळूणला नेणार आहे तिला, बाळंतपणाला!"

"चिपळूण कुठं आलं?"

"कोकणात. समुद्राच्या बाजूला."

"ठंड पडते का तिकडं?"

"नाही हो."

करीमभाई हसले. "मंग एवढी मोठी दुलई काहून?"

प्रशांत माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता. पण त्यानं गाठोड्याची गाठ घट्ट करायला घेतली आणि मग तो परतीच्या वाटेवर जवळजवळ गप्पच होता. मला वाटलं, थंडीमुळे.

त्याच दुपारी अंगणात खोळ पसरून आम्ही तिच्यात कापूस भरला. कापूस पसरणं ही मोठी हौसेची गोष्ट आहे. मुठीनं टाकायचा नाही, फुंकर मारल्यासारखा सोडायचा. सुमनताई गुडघ्यांवर बसून तळव्यानं थोपटत होत्या आणि कुठं पातळ राहिलं ते त्यांना हाताला समजत होतं. मग सुया निघाल्या. मीही एक मागितली.

"तुमी शिवान?" सुमनताईंच्या भुवया वर गेल्या.

"घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगा बसवतो मी. सुई काय अवघड आहे?"

मला एक कोपरा दिला. मी जीव ओतून शिवायला लागलो. मुंगीच्या पावलांसारखे टाके, एकाला एक लागून. मान वर केली तेव्हा सुमनताईंनी आख्खी बाजू संपवली होती आणि माझी झाली होती जेमतेम एक वीत. त्या वाकून बघायला आल्या.

"इवाई, घड्याळ नाई ना दुरुस्त कराचं! दुलई हाय थे! टाका लांब घ्या, कापसाले श्वास घेऊ द्या!"

मुक्ता इतकी हसली की पोट धरून तिला खाली बसावं लागलं. देवरावजींनी मला एक संत्रं सोलून दिलं.

बोरगावजवळचं शेत

देवरावजींची संत्र्याची बाग बोरगावजवळ आहे. निघायच्या आदल्या दिवशी तिथं रोडग्यांचा बेत ठरला. दुलईची अखेरची बाजू राहिली होती, तीही सोबत घेतली. बागेत बसून शिवू आणि संपवू, असं सुमनताई म्हणाल्या.

बागेचं काय सांगू? आमच्याकडे कलमांना मोहोर आला की आम्ही हरखतो. इथं झाडंच्या झाडं केशरी फळांनी वाकलेली, फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले, आणि पलीकडे कापसाचं शेत पांढरं फुललेलं. मी एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली नुसता पळत होतो. तोडलेल्या संत्र्याच्या सालीचा वास हातांना लागला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

देवरावजींनी गोवऱ्यांचा जाळ केला. जाडसर कणकेचे, तेलाचा हात लावून पदर घातलेले गोळे त्यांनी निखाऱ्यात पुरले आणि वरून राख लोटली. शेजारी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या जाळावर वांगी भाजायला ठेवली. रोडगे भाजल्यावर ते कापडात घालून झटकायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे आणि वरणाबरोबर, भरताबरोबर खायचे. मी पहिला घास घेतला आणि पुढं काही बोललोच नाही. वरचं कवच कुरकुरीत, आतला गाभा मऊ, आणि सगळ्याला धुराचा हलका वास. देवरावजी मात्र त्या दिवशी बोलले. "रोडगे खाऊन माणूस झोपते," ते म्हणाले. मी म्हटलं, "मी जागाच राहणार, अजून दोन खायचेत."

मुक्ता जेवता जेवता थांबली. "काहीतरी जळून राहिलं."

"गोवऱ्याच तं हाय," सुमनताई म्हणाल्या.

"नाही आई. कापड जळतंय."

मी वळून पाहिलं. झाडाखालच्या ताडपत्रीवर दुलई पसरलेली होती. ज्वाळा नव्हती, लालसरपणाही नव्हता. पण मी शिवलेल्या कोपऱ्यातल्या टाक्यांच्या भोकाभोकातून बारीक धूर वर येत होता. पऱ्हाटीची ठिणगी उडून तिच्यावर पडली होती आणि आतल्या आत कापूस धुमसत होता.

मी धावलो. पाण्याची कळशी ओतली तर पाणी वरच्या वर ओघळून गेलं. आत हात घालायला हवा होता, म्हणून मी टाके ओढायला लागलो. पण माझेच ते मुंगीचे टाके! एक तुटेना. बोटं भाजत होती आणि दोरा सुटत नव्हता. तेवढ्यात देवरावजी विळा घेऊन आले. त्यांनी खोळ सरळ कापली आणि आम्ही दोघांनी धुमसणारा कापूस मुठी-मुठींनी बाहेर फेकला. सुमनताईंनी त्यावर माती लोटली.

विझल्यावर आम्ही सगळे बघत उभे राहिलो. कोपरा गेला होता. हिरव्या साडीच्या काठाला ताटाएवढं काळं भोक पडलं होतं. माझा डावा तळवा लाल झाला होता, पण माझं लक्ष त्या भोकावरून हलत नव्हतं. ही साडी नेसून मुक्ताची आई ओट्यावर फुलं निवडायला बसायची.

"उद्यापर्यंत कशी होईन आता?" सुमनताई हळू आवाजात म्हणाल्या. "नवा कापूस, नवी खोळ... उद्याची तं गाडी हाय तुमची."

"नको होऊ दे," मुक्ता म्हणाली.

तिनं दुलईचा न जळलेला भाग उराशी धरला होता. "नको होऊ दे उद्यापर्यंत. मला जायचं नाहीये. बाबा, मी नाही येत चिपळूणला."

प्रशांतनं मान खाली घातली. त्याला आधीपासून माहीत होतं, हे मला तेव्हा समजलं. करीमभाईंच्या दुकानात तो हेच सांगणार होता.

"इथले डॉक्टर मला पहिल्यापासून बघतायत," ती म्हणाली. "प्रशांत इथं आहे. आणि तुम्ही एवढा रंग दिला खोलीला, सगळ्यांना सांगितलं, म्हणून मला सांगवतच नव्हतं. पण मला माझ्या घरी राहायचंय, बाबा."

माझ्या घरी. ते शब्द मला तळव्यापेक्षा जास्त झोंबले, हे मी लपवत नाही. मी माझ्या खोलीच्या रंगाचा विचार करत होतो. आळीतल्या लोकांना काय सांगू, याचा विचार करत होतो. सुमनताई लगबगीनं म्हणाल्या, "नाई नाई, इवाई, आमी काई नाई म्हणलं तिले. पोरीनं माहेरी जावं, हाच रिवाज हाय. जा वं मुक्ता, असं नाई बोलू."

मी "बघू" एवढंच म्हटलं. परतताना जीपमध्ये देवरावजींनी संत्रं सोलून पुढे केलं आणि मी ते घेतलं नाही.

पुन्हा सौंसर

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. मन थाऱ्यावर नसलं की मी स्वयंपाकघरात शिरतो, ही माझी जुनी सवय. सोबत आणलेला नारळ फोडला, खवला, तांदळाचं पीठ भिजवलं आणि घावन घालायला घेतले. भाजलेल्या हाताला तूप चोपडलेलं फडकं, त्यामुळे पहिले दोन फाटले. तिसरा जाळीदार निघाला.

सुमनताई मागे येऊन उभ्या राहिल्या. परक्या पुरुषाला आपल्या चुलीपाशी बघून बाई चिडतील, असं मला वाटलं. त्यांनी पाट ओढला आणि बसल्या. मी त्यांना घावन आणि गूळखोबरं दिलं. त्यांनी खाल्लं. दुसरा मागितला.

"मुक्ता सांगते, तुमीच वाढवलं तिले. जेवण, वेणी, शाळा."

"हो."

"माहेरी जाऊन तिचं कोण करणार होतं?"

"मीच."

"तिच्या खाण्याचं? रात्रीच्या जागरणाचं?"

"मीच. सगळं शिकून घेतलंय. हळीव, डिंक, शेपू, सगळं."

त्या तिसरा घावन मोडत म्हणाल्या, "मंग तुमीच ऱ्हा ना इथं."

मला नीट ऐकूच आलं नाही. "मी? लेकीच्या सासरी? दोन-दोन महिने?"

"काहून नाई? तिकडं तुमीच करणार होते, इकडं तुमीच करा. मले तं बरंच हाय. कापूस वेचणं हाय, संत्र्याची तोड हाय, माहे हात कुठं कुठं पुरतीन?"

"लोक काय म्हणतील, सुमनताई?"

"लोकायले घावन खाऊ घाला," त्या म्हणाल्या आणि उठून ताट धुवायला गेल्या.

मी तवा खाली उतरवला. आत जाऊन मुक्ताच्या खाटेपाशी उभा राहिलो. ती जागी होती, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "तिकीट रद्द करतो. दोन्ही." तिला आधी समजलंच नाही. मग तिनं माझा फडक्यात गुंडाळलेला हात धरला आणि "बाबा, खरंच?" एवढंच सतत विचारत राहिली.

तिकीट रद्द केलं. दुकानाची किल्ली शेजाऱ्याकडे होती, त्याला फोन केला. आणि मग सुरू झाली माझ्या आयुष्यातली सगळ्यात मजेची थंडी. सकाळी शेकोटी, मग दुलई. जळालेला भाग कापून सुमनताईंनी तिथं त्यांच्या स्वतःच्या जांभळ्या साडीचा तुकडा लावला. करीमभाईंकडून पुन्हा कापूस आला. या वेळी मी लांब टाके घातले. दुपारी मी त्यांना सोलकढी शिकवली, त्यांनी मला लांब पोळी शिकवली. माझी पहिली पोळी हातावरून निसटून थेट चुलीत गेली, दुसरी देवरावजींच्या मांडीवर पडली. तिसरी मडक्यावर पोचली तेव्हा सगळं घर ओरडलं. बाजारात भाजीवाल्या मला "इवाई, आज सोले ताजे हाय" म्हणून हाका मारायला लागल्या.

थंडी ओसरायला लागली तेव्हा मुक्ताला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर दोघींना दुलईत घातलं आणि मी चुलीपाशी बसलो. पहिल्या दिवशी मऊ भात आणि तूप, मग हळिवाची खीर, मग शेपूची भाजी आणि ज्वारीची पातळ भाकर. सुमनताई बाळाला न्हाऊ घालायच्या, मी धुरी द्यायचो. आमच्यात कामाची वाटणी कुणी केली नव्हती, ती आपोआप झाली.

एका सकाळी गल्लीतल्या बायका बाळाला बघायला आल्या. मी आत डिंकाचे लाडू वळत होतो. बाहेरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. बाळाचं नाक कुणासारखं, रंग कुणाचा, हे सगळं झाल्यावर एका म्हातारीनं विचारलं, "बाळंतिणीची माय दिसून नाई राहिली? आली नाई का थे माहेरून?"

माझा हात परातीत थांबला.

मग सुमनताईंचा खणखणीत आवाज आला. "आली ना! तिकडं आतमंधी हाय. मिशीवाली माय हाय तिची, लाडू वळून राहिली."

बायका खदखदून हसल्या. आतल्या खोलीतून मुक्ताचंही हसू ऐकू आलं. म्हातारी दाराशी येऊन डोकावली आणि म्हणाली, "ए बाई, बाहेर तं ये, पाहू दे तुले!"

"येतो ना जी," मी आतूनच ओरडलो, "हाताले तूप लागून राहिलं!"